तळमजला यादीत नाही

"पाच मिनिटांत सुरुवात करा," असं त्या पानाच्या माथ्यावरच लिहिलं होतं, आणि पुढचे सोळा दिवस धाकटीचा सगळा राग त्या एका वाक्यावर होता. पाच मिनिटं कुणाची? कुठल्या घड्याळातली? भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत तिने कधी असा ढिसाळ आकडा लिहिला असता, तर वही तोंडावर परत आली असती. निदान अधिक-उणे तरी लिहावं माणसाने. पाच मिनिटं, अधिक-उणे सोळा दिवस, असं लिहिलं असतं तर तिची काही तक्रार नव्हती.

काम म्हणाल तर एवढंसं. इमारतीत पाच घरं होती. तळमजला आणि वर चार मजले, मजल्यावर एकेकच घर. गच्चीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. आठवडाभर त्या दोऱ्यांकडे कुणी ढुंकून बघत नसे, पण रविवारी सगळे घरी, सगळ्यांच्या चादरी भिजलेल्या, आणि दोऱ्या एकाच घराला पुरतील एवढ्या. म्हणून नियम होता: गच्चीच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर शनिवारी सकाळी जो आधी नाव लिहील, त्याचा रविवार. नियम दिसायला सरळ. पण फळा चौथ्या मजल्याच्याही वर, आणि तळमजल्यावरच्या बाईंचे गुडघे तळमजल्यावर. जिन्यात थांबत, कठडा धरत बाई वर पोचेपर्यंत फळ्यावर दुसऱ्या मजल्याचं नाव लिहून खडूसुद्धा खिशात गेलेला असायचा.

तो खिसा ठरावकाकांचा. ते नऊ वर्षं इमारतीचे सचिव होते. त्या नऊ वर्षांत जिन्यातला दिवा गेला तरी तो बदलायला आधी ठराव लागायचा, आणि ठराव होईपर्यंत लोक अंधारात एकमेकांच्या पायांवर पाय देत असत. या वर्षी सगळ्यांनी मिळून धाकटीच्या बाबांना सचिव केलं. बाबा स्वभावाने इतके मऊ, की चुकून लागलेल्या फोनवरही पाच मिनिटं विचारपूस करायचे. पहिल्याच सभेत बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मला फार काही नको. दोन-तीन महिन्यांतून एक रविवार द्या. माझ्या चादरींनी ऊन बघून वर्षं झाली हो."

बाबांना भरून आलं. भरून आलं की ते शब्द देतात. "पुढच्या सभेपर्यंत नीट व्यवस्था करतो," ते म्हणाले. "नाही झाली, तर फळा परत लावा आणि माझं सचिवपदही परत घ्या."

ठरावकाकांनी दोन्ही वाक्यं वहीत जशीच्या तशी लिहून घेतली.

तिसऱ्या मजल्यावर घरी आल्यावर बाबा जेवताना धाकटीकडे बघून हसले. आई म्हणाली, "शब्द यांनी द्यायचा आणि पाळायचा तू. चालू दे."

समितीच्या खोलीत, बाईंच्या दाराला लागून, इमारतीच्या मालकीचा एक संगणक होता. तो चालू करून माणसाने अंघोळ करून यावं, तरी तो अजून उठतच असायचा. त्याच्यावर जड काही चालणं शक्य नव्हतं. म्हणून धाकटीने विचारपूर्वक ल्युआ ही चिमुकली भाषा निवडली, आणि तिच्यात खिडक्या आणि बटणं काढून देणारं एक पिसासारखं हलकं फ्रेमवर्क, म्हणजे आयता सांगाडा. ते 'पाच मिनिटां'चं माहितीपान त्याचंच. एकच फाइल. ती आपल्या फोल्डरमध्ये ठेवायची, की झालं. खिडकीत पाच घरांची पाच बटणं असणार. आपल्या घराचं बटण दाबायचं, पुढचा मोकळा रविवार आपल्या नावावर. एकदा घेतला, की बाकीच्यांनी घेईपर्यंत पुन्हा नाही. जिना चढायला नको, खडू नको.

दादा परगावी मोठ्या कंपनीत हीच कामं करायचा. त्याला हे फोनवर कळलं आणि तो हसला. हसला म्हणजे नाकातून हवा सोडली.

"ल्युआ? बरं. दोन आठवडे धर."

"एक दुपार," धाकटी म्हणाली. "पानावर पाच मिनिटं लिहिलंय. मी एक दुपार धरलीय."

"एक लक्षात ठेव. त्यात मोजणी एकपासून होते. शून्यापासून नाही."

"दादा, मोजायला तू मला शिकवू नकोस. पट्टीवर पहिली रेघ कुठली असते? शून्याची. तापमापीवर? शून्य. एकपासून मोजतात ती माणसं मोजत नाहीत, अंदाज करतात."

"बरं बाई. अडलीस तर फोन कर."

"नाही करणार."

इथे आपण हे नोंदवून ठेवू, की तिने खरोखरच केला नाही.

पहिल्या दुपारी तिने घरच्या संगणकावर ती एक फाइल फोल्डरमध्ये ठेवली, दुसऱ्या फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या आणि चालवलं. उत्तर आलं, की फाइल सापडत नाही. नुसतं तेवढंच असतं तर तिने सोसलं असतं. पण आपण कुठे कुठे शोधलं त्याची ओळीने यादीच यंत्राने दिली होती. इथे नाही, तिथे नाही, त्याच्या आतल्या खणात नाही, पलीकडच्या खणातही नाही. बाबांचा चष्मा हरवला की ते घरभर फिरत याच सुरात बोलतात, आणि चष्मा कपाळावर असतो. फाइलही समोरच होती. दोन दिवसांनी धाकटीच्या लक्षात आलं, की संगणकाने फाइलच्या नावामागे गुपचूप '.txt' असं आणखी एक शेपूट जोडलं होतं आणि ते दाखवायचं नाही असंही परस्पर ठरवलं होतं. आपल्याच फाइलचं पूर्ण नाव आपल्यापासून लपवून ठेवायचा अधिकार याला दिला कुणी?

शेपूट कापलं, तेव्हा खिडकी उघडली. तिच्यात मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन होते. ओळीने, शिस्तीत, भाडेकरू नसलेल्या खोल्यांसारखे. अक्षरांची फाइल शोधून जोडली, तर चौकोन गेले, पण वेलांट्या भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटल्या. तीन दिवस वेलांट्यांशी झुंजल्यावर धाकटीने हार मानली, म्हणजे तिच्या शब्दांत "पद्धत बदलली". प्रत्येक बटणावरचा मजकूर वेगळा लिहून तिने त्याची चित्रंच केली आणि ती चित्रं बटणांवर चिकटवली. चित्रातली वेलांटी यंत्राला सरकवता येत नाही.

इथवर तिचं आणि यंत्राचं भांडण होतं. ते दोघांत मिटलं असतं. पण हे बसवायचं तो संगणक इमारतीचा, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट ठरावकाकांच्या कपाटात, आणि पाकिटावर ठरावकाकांच्याच अक्षरात सूचना, की हे दोन सभासदांच्या सहीशिवाय फोडू नये.

"दोन सह्या आहेत ना," बाबा म्हणाले. "माझी आणि तुमची."

"माझी सही मी सचिव असताना चालायची. आता मी साधा सभासद."

"मग सभासद म्हणून करा."

"सभासद म्हणून माझा विरोध आहे."

शेवटी दुसरी सही पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी केली. पण सही केल्यावर आपण कशावर सही केलीय ते बघायला ते समितीच्या खोलीत आले, आणि बघितल्यावर त्यांना राहवलं नाही. बटणं फार पांढरी आहेत, म्हणाले. नैसर्गिक वाटत नाहीत. जरा पिवळसर छटा हवी. चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या शिक्षिकेला बटण दाबल्यावर काहीतरी वाजायला हवं होतं, "पण बेसूर नको गं." ठरावकाकांना 'दुसरा मजला' हे शब्द हलके वाटले. तिथे 'द्वितीय मजला' हवं होतं, आणि एक 'द्वितीय' झाल्यावर बाकीचे मागे कसे राहतील? मजकूर चित्रात असल्यामुळे प्रत्येक सूचनेला नवी चित्रं काढावी लागत होती. धाकटीने 'द्वितीय' काढलं, 'प्रथम' काढलं, 'चतुर्थ' काढलं, आणि मग डॉक्टर म्हणाले, आमच्या पेशंटांना 'पहिला'च कळतं. पेशंटांचा चादरींशी काय संबंध, हे विचारायला तिने तोंड उघडलं होतं, पण बाबांनी मागून तिचा दंड धरला.

बाई मात्र एका सूचनेविना रोज येऊन खुर्चीवर बसायच्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. हजारो लोकांची बोलणी त्यांच्या हातांनी जोडून दिली होती. त्या पडद्याकडे बघत, आणि मधूनच विचारत, "माझं बटण कुठलं असणार गं?"

"सगळ्यात खालचं, बाई. इमारतीसारखंच काढलंय. चौथा वर, तुम्ही तळाला."

"मग ठीक."

शुक्रवारी चाचणी ठेवली. सभा रविवारी अकराला होती. घरी धाकटीने नुसती चार नमुन्याची बटणं घेऊन सगळं तपासलं होतं. टिचकी मारली, की एक रविवार. मारली, की एक. पाळीचा नियम तेवढा शनिवारी जोडायचा राहिला होता. तिने ठरावकाकांना मानाने पुढे बोलावलं आणि खास त्यांच्यासाठी 'दुसरा मजला' पडद्यावर आणून ठेवला.

ठरावकाका टिचकी मारणाऱ्यांतले नव्हते. डोअरबेल दाबावी आणि आतलं माणूस दाराशी येईपर्यंत बोट काढू नये, अशा पिढीतले ते. त्यांनी माऊसचं बटण दाबलं आणि यंत्राकडे रोखून बघत राहिले. मग बोट काढलं.

पडद्यावर दुसऱ्या मजल्याच्या नावावर एकशे चौदा रविवार लागले होते.

झालं असं होतं, की या फ्रेमवर्कची खिडकी एकदा काढून ठेवलेलं चित्र नसते. ती सेकंदाला साठ वेळा पुसून नव्याने काढली जाते, आणि प्रत्येक वेळी ती निरागसपणे विचारते, बटण दाबलेलं आहे का? ठरावकाकांचं बोट जवळजवळ दोन सेकंद खाली होतं. धाकटीने मनात भागाकार केला, तो अचूक आला, आणि आयुष्यात प्रथमच अचूक उत्तराने तिला रडू आलं.

"दोन वर्षं आणि सव्वादोन महिने," ठरावकाका कॅलेंडरकडे बघत म्हणाले. यंत्राबद्दल त्यांचं मत पहिल्यांदाच चांगलं झालेलं दिसलं. "नोंद झाली ती झाली. यंत्राने दिलेत. रविवारी सभेत मी मांडणार."

ते गेल्यावर खोलीत बाई आणि धाकटी दोघीच उरल्या.

"जळो ते फ्रेमवर्क," धाकटी म्हणाली. "साठ वेळा कुणी सांगितलंय विचारायला? एकदा विचार, लक्षात ठेव. आम्हाला परीक्षेत एकेक प्रश्न साठ वेळा विचारत होते का?"

"दाबलं तेव्हा मोजतेस ना?" बाईंनी विचारलं.

"मग कधी मोजायचं?"

"सोडल्यावर. आमच्याकडे नव्या मुली बटण धरून ठेवायच्या, घाबरून. म्हणून मी शिकवायची, दाबलं म्हणजे नुसता विचार झाला. सोडलंस, म्हणजे काम."

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. मग एक ओळ बदलली. बाईंनी बटण दाबलं, धरलं, खुर्चीत सावरून बसल्या, गुडघा चोळला आणि सोडलं. एक रविवार. पानावर ही गोष्ट कुठेही लिहिलेली नव्हती. नंतर नीट बघितल्यावर सापडली, चौथ्या भागाच्या तळटीपेत.

शनिवारी तिने पाळीचा नियम जोडला आणि खरी यादी भरली. पाच घरं, पाच चित्रं. तळमजल्याला शून्य क्रमांक दिला. विजेच्या मीटरच्या पेटीतही मीटर शून्य ते चार असेच होते, आणि कुणाच्या घरातली वीज त्यामुळे गेली नव्हती. दादाचं वाक्य तिला आठवलं. आठवलं म्हणूनच तिने शून्य जरा जोरात टाइप केलं. यंत्राने शून्य मुकाट घेतलं. ना तक्रार, ना लाल ओळ, ना शोधलेल्या जागांची यादी. सोळा दिवस क्षुल्लक कारणांवरून बोंबलणारं यंत्र त्या क्षणी इतकं समंजसपणे वागलं, की खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता.

जुन्या पडद्यावर खिडकी पुरती मावत नव्हती. वरची चार बटणं दिसत होती, खालचा भाग पडद्याच्या कडेखाली गेला होता. तळमजला तिथे असणार. इमारतीतही तो खालीच असतो. तरी ती शिस्तीची मुलगी, तिने यंत्राला यादीची लांबी विचारली. यंत्र म्हणालं, चार. शून्य, एक, दोन, तीन, चार, तिने बोटांवर मोजलं. शेवटचा आकडा चार. बरोबर.

रविवारी अकराला समितीच्या खोलीत पाचही घरं जमली. बाई इस्त्रीची साडी नेसून पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. गच्चीवरचा फळा ठरावकाकांनी आधीच खाली आणून भिंतीला टेकवून ठेवला होता, खडूसकट.

बाबांनी चार शब्दांत प्रास्ताविक केलं आणि घसा खाकरला. "तर पहिलं बटण बाईंनी दाबावं, असं मला वाटतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई उठल्या. धाकटीने खिडकी धरून वर ओढली. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. त्याच्या खाली राखाडी रंग होता. तिने आणखी ओढली. आणखी राखाडी.

"माझं घर कुठंय गं?" बाईंनी विचारलं.

धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पाच घरांपैकी ज्याच्यासाठी ती सोळा दिवस खपली, नेमकं तेच घर तिने स्वतःच्या हाताने इमारतीतून काढून टाकलं होतं. बाई अजून माऊसवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि हात कुठे न्यावा ते त्यांना कळत नव्हतं.

"म्हणजे यंत्रालाही तळमजला मान्य नाही," ठरावकाका म्हणाले. वही उघडली. "आता मी दोन मुद्दे मांडतो. एक, माननीय सचिवांनी दिलेला शब्द. दोन, माझे एकशे चौदा रविवार."

धाकटीच्या खिशात फोन होता. फोनमध्ये दादा होता. तिने खिशावर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला, कारण दादा काय म्हणणार ते तिला आता अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. मोजणी एकपासून होते. यंत्राने शून्य घेतलं होतं, नीट सांभाळूनही ठेवलं होतं, फक्त मोजताना त्याच्याकडे बघितलं नव्हतं. नाही चालत, तर तसं सांगायचं ना! तोंडावर हो म्हणायचं, आणि मोजायच्या वेळी डोळे मिटायचे?

"पाच मिनिटं द्या," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिला स्वतःचाच संताप आला.

"ठराव—" ठरावकाकांनी सुरुवात केली.

"तोवर तुमचा दुसरा मुद्दा घेऊ," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच मऊ होता. "एकशे चौदा रविवार यंत्राने शुक्रवारी दिले. बरोबर?"

"नोंद आहे."

"यंत्र मंजूर करायचा ठराव आज यायचाय. समितीच्या वस्तूवरची कुठलीही नोंद ठरावाआधी ग्राह्य नाही, असा नियम आहे. सहा वर्षांपूर्वीचा. खाली तुमची सही आहे." बाबांनी जुनी वही पुढे सरकवली. त्यांनी ती कधी वाचली होती कुणास ठाऊक. आईसुद्धा त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली.

ठरावकाकांनी स्वतःची सही बराच वेळ न्याहाळली. खोटी म्हणावी, तर ती फार सुरेख होती.

तेवढ्यात धाकटीने आकडे बदलले. शून्याचा एक केला, एकाचे दोन, असं करत चाराचे पाच. बटणांवर मजकुराची चित्रं होती, म्हणून वरून कुणाचा मजला बदलला नाही. पहिला पहिलाच दिसत राहिला. ज्या चित्रांनी तिचे तीन दिवस खाल्ले होते, त्यांनी तिला हे एवढं परत केलं. खिडकी पुन्हा उघडली. तळाला, राखाडीच्या जागी, पिवळसर छटेचं पाचवं बटण आलं.

"आकडे बदललेस काय?" ठरावकाका पडद्यावर वाकले. "म्हणजे यादीत तळमजला पहिला? आणि आम्ही तिसरे? हे कुणी ठरवलं?"

"यंत्राने," धाकटी दात आवळून म्हणाली. "आणि माझा त्याला विरोध आहे. वहीत लिहून घ्या."

त्यांनी खरंच लिहून घेतलं. बाईंनी बटण दाबलं, एक क्षण थांबल्या आणि सोडलं. पडद्यावर पुढचा रविवार, त्यापुढे तळमजला. चौथ्या मजल्याच्या शिक्षिका म्हणाल्या, काहीतरी वाजायला हवं होतं. म्हणून सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी दादाचा मेसेज आला. "झालं का? किती दिवस?" धाकटीने लिहिलं, "पाच मिनिटं," आणि फोन उलटा ठेवला. शब्दाला धरून बघितलं तर ते खोटं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी आठला बेल वाजली. दारात पहिल्या मजल्याचे डॉक्टर होते. बाईंचा निरोप होता, तुमच्या शास्त्रज्ञ मुलीला जरा खाली पाठवा. धाकटी खाली गेली. बाई जिन्याशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी पिळलेल्या चादरींनी गच्च भरलेली, काठोकाठ दाबलेली बादली.

"रविवार मिळाला बघ," बाई म्हणाल्या. "आता वर कुणी न्यायच्या?"

सोळा दिवसांत या प्रश्नासाठी बटण काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, शिक्षिकेला नाही, ठरावकाकांनाही नाही, ज्यांना सगळं सुचतं. धाकटीने बादलीकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. मग बाईंचे कपड्यांचे चिमटे ओच्यात घेतले आणि दोन्ही हातांनी बादली उचलली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि सवयीने पुटपुटली, "एक."

ती थबकली. बादली खाली ठेवली. पाय मागे घेतला, दोन्ही पायांनी तळमजल्याच्या फरशीवर नीट उभी राहिली, आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "शून्य!"

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई. सुरुवात करतेय," बादली पुन्हा उचलत धाकटी म्हणाली. "तुम्ही बसा. पाच मिनिटांत येते."